आवडलं नाही, हे म्हणायची चोरी कशाला?

पत्र :

ताई, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या एका गावात मराठी शाळेत शिकवते. आमचे हे बेळगावला उद्यमबागेत कामाला आहेत. मला लहानपणापासून पिक्चरचा नाद. काही बघितलं की वहीत चार ओळी लिहून ठेवते. अलीकडे त्यातलं थोडं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला लागले आणि तिथंच बिघडलं. एका नव्या ऐतिहासिक मराठी चित्रपटाबद्दल मी लिहिलं की नुसता गोंगाट आहे, राजे सारखे संथ गतीत चालत येतात आणि गडावर भाकरी कोण भाजतं ते एकदाही दिसत नाही. त्यावर भावजींनी लिहिलं, 'आपल्याच पिक्चरला नावं ठेवालीस, मग इथं मराठी टिकणार कशी?' नंतर 'तिथी' या कन्नड चित्रपटाचं मी मनापासून कौतुक केलं, तर एका नातेवाइकांनी विचारलं, 'बाईंनी पार्टी बदलली काय?' 'सैराट'चा पहिला अर्धा भाग गाण्यांनी उगाच लांबवलाय असं म्हटलं, तर घरातली पोरं तुटून पडली. आणि शेवटचं, सगळ्यात अवघड. संध्याकाळी सात ते दहा आत्तींच्या, म्हणजे सासूबाईंच्या, मालिका चालतात. एकदा वैतागून बोलून गेले की हे बघायला अक्कल गहाण ठेवावी लागते. तेव्हापासून आत्ती माझ्याशी कामापुरतं बोलतात. ताई, मी गप्प बसू का? माझ्यासारख्या साध्या शिक्षिकेच्या मताला किंमत ती काय?

– एक प्रेक्षक, खानापूर तालुका

उत्तर :

बाई, तुमचं गाव तुम्हाला याच नावानं हाक मारत असणार, म्हणून मीही तेच म्हणते. गप्प बसू नका. चारही भांडणं तुम्हाला एकच वाटतायत, मला ती वेगवेगळी दिसतात. दोनांत तुम्ही बरोबर आहात, एकात आपलं जमणार नाही, आणि एकात चूक तुमची आहे.

आधी किंमतीचं बोलू. गडावर भाकरी कोण भाजतं ते एकदाही दिसत नाही, हे तुमचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ते वाक्य लिहायला चित्रपटाची पदवी लागत नाही, डोळे उघडे ठेवून बघावं लागतं. 'गोंगाट आहे' हे कुणीही म्हणेल आणि कुणीही खोडून काढेल. भाकरीचं मात्र खोडता येत नाही, कारण ते पडद्यावर आहे की नाही हे बघून ठरवता येतं. शेकडो माणसं गडावर राहतात, खातात, आजारी पडतात, त्यांची लेकरं रडतात, आणि त्यांतलं काहीच दिसत नसेल तर तो गड देखाव्याचा झाला. राजे मोठे कुणासाठी होते ते अशानं कळत नाही. भालजी पेंढारकरांनी कोल्हापुरात ऐतिहासिक चित्रपट काढले. १९५२ च्या 'छत्रपती शिवाजी'त चंद्रकांत मांडरे राजे झाले, तेव्हा ड्रोन नव्हते, संगणकावर वाढवलेली फौज नव्हती. नटाचं उभं राहणं आणि तोंडातले संवाद यांवर सगळं तोललेलं असायचं. आणि अलीकडचंच बघायचं तर २०१९ मध्ये 'हिरकणी' आला. एक दूधवाली बाई रात्री रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून घरच्या तान्ह्या बाळासाठी कडा उतरते, एवढीच त्याची गोष्ट. तो चित्रपट कुणाला किती आवडला हा भाग वेगळा, पण गडावरच्या साध्या माणसाला मधोमध ठेवून मोठा मराठी चित्रपट काढता येतो हे त्यानं दाखवलं. म्हणजे तुम्ही जे मागताय ते अशक्य काही नाही.

आता भावजी. त्यांच्यावर चिडण्याआधी त्यांची भीती समजून घ्या, कारण ती खोटी नाही. १९५६ पासून आपल्या चार पिढ्या सीमेच्या या एका प्रश्नाबरोबर वाढल्या. सरकारी कागद दुसऱ्या भाषेत येतो, दुकानाच्या पाटीवरून वाद होतो, मराठी शाळेचा पट गळतो. पट गळणं काय असतं ते तुमच्याइतकं जवळून भावजीही बघत नसतील. अशा जागी राहणाऱ्या माणसाला मराठी पिक्चर हा नुसता पिक्चर राहत नाही, तो आपल्या घरातला माणूस होतो. घरच्या माणसाला बाहेर कुणी नावं ठेवलेली आपल्याला खपत नाहीत. भावजींचं दुखणं ते आहे, आणि त्याचा मान ठेवूनच त्यांच्याशी बोललं पाहिजे.

पण मान ठेवायचा म्हणजे खोटं बोलायचं असं नाही. मराठी चित्रपट आपल्याकडच्या थिएटरात लागला की तिकीट काढा, दोन शेजारणींना घेऊन जा, पहिल्याच आठवड्यात जा, कारण गर्दी नसली की खेळ लगेच उतरतो. हे करणं म्हणजे भाषेसाठी उभं राहणं, आणि ते तुम्ही जरूर करावं. बाहेर आल्यावर मात्र कसा वाटला ते खरं सांगा. दोन्ही एकाच बाईला जमतं. भावजींना 'श्वास'ची आठवण करून द्या. 'श्यामची आई'ला १९५४ मध्ये राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार पुन्हा मराठीत यायला २००४ उजाडलं. तो 'श्वास'नं आणला. नातवाच्या डोळ्याला कॅन्सर, ऑपरेशन केलं की दृष्टी जाणार, आणि त्याआधी आजोबा त्याला हॉस्पिटलमधून बाहेर काढून शहर दाखवून आणतात. आपल्याकडच्या कितीतरी घरांतून असा एखादा आजोबा नातवंडाला घेऊन मिरजेला गेलेला आहे. लोकांनी तो चित्रपट डोक्यावर घेतला, ऑस्करला पाठवायच्या खर्चासाठी पैसे गोळा केले. मराठी आहे म्हणून नुसती दया दाखवली असती तर एवढं झालं नसतं. मधली पन्नास वर्षं सगळ्यांनी सगळ्याच पिक्चरना छान म्हटलं असतं, तर छान म्हणायला अर्थ तरी काय उरला असता?

'तिथी'वरून जो टोमणा आला तो मला जास्त लागला. कन्नड चित्रपटाला चांगलं म्हणणं म्हणजे पार्टी बदलणं, असं आपल्या भागात तरी कुणी म्हणू नये. पहिला कन्नड बोलपट 'सती सुलोचना', १९३४ चा. तो चित्रित झाला कोल्हापूरच्या छत्रपती स्टुडिओत. कन्नडचे लाडके राजकुमार १९६३ मध्ये पडद्यावर तुकाराम झाले आणि १९७४ मध्ये गोरा कुंभार. गिरीश कार्नाड शिकले धारवाडला, लिहीत राहिले कन्नडमधून, आणि १९८२ च्या 'उंबरठा'त स्मिता पाटीलच्या नवऱ्याचं काम करून गेले. त्या नवऱ्याचा सभ्य कोरडेपणा मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. मराठी रंगभूमीवर वावरलेला शंकर नाग कन्नडचा मोठा नट झाला आणि दूरदर्शनवर 'मालगुडी डेज' घेऊन सगळ्या देशाच्या घरात पोचला. आपल्याकडे घरोघर ते लागायचं, तेव्हा दिग्दर्शक कुठल्या बाजूचा हे कुणी विचारलं नव्हतं. हद्दीचा प्रश्न आहे, तो न्यायालयात आहे, रस्त्यावरही आहे. तो सोडवायचं ओझं एका चांगल्या चित्रपटाच्या डोक्यावर कशाला द्यायचं?

आणि 'तिथी' चांगलाच आहे. तुम्ही पत्रात कारणं दिली नाहीत, म्हणून माझी देते. मंड्याकडचं एक गाव. शंभरी ओलांडलेला म्हातारा, सेंच्युरी गौडा, रस्त्याच्या कडेला बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना शिव्या देतो आणि तसाच मरतो. अकराव्या दिवसाच्या विधीपर्यंतची गोष्ट. त्याचा मुलगा गडप्पा, तोही म्हाताराच, रानोमाळ भटकणारा, जमिनीशी त्याला काही देणंघेणं नाही. नातवाला मात्र जमीन विकायची आहे, म्हणून तो जिवंत बापाच्या मृत्यूचा खोटा दाखला करतो. उताऱ्यावरच्या नावांवरून आपल्या तालुक्यात भावाभावांत काय काय झालं आहे ते आठवून हा चित्रपट बघा, पोटात कसंतरी होतं. राम रेड्डी या तरुण दिग्दर्शकानं गावातलीच माणसं घेतली, त्यांतल्या बहुतेकांनी आधी कधी कॅमेऱ्यासमोर काम केलं नव्हतं. २०१५ मध्ये लोकार्नोच्या महोत्सवात त्याला मोठा पुरस्कार मिळाला. त्यातली मंड्याची कन्नड हुबळी-धारवाडच्या कन्नडपेक्षा बरीच वेगळी, आपल्याकडच्या कन्नड बोलणाऱ्यालाही खालच्या ओळी वाचाव्या लागतात. तरीही गावातल्या पारावर बसून बघितल्यासारखा तो कळतो.

इथंच तुमच्या 'साध्या शिक्षिकेच्या मता'वर परत येते. बाई, काही गोष्टींत तुमचं मत मुंबई-पुण्याच्या समीक्षकापेक्षा जास्त वजनाचं आहे. 'जोगवा' घ्या, यल्लमाला सोडलेल्या जोगत्या-जोगतिणीची गोष्ट. २००९ मध्ये आला. उपेंद्र लिमये, अजय-अतुल, हरिहरन, श्रेया घोषाल, सगळ्यांना त्यानं राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिले. त्याच्याबद्दल भरपूर लिहून आलं. पण यल्लमाचा डोंगर आहे आपल्या जिल्ह्यात, सौंदत्तीला. पोरीच्या केसात जट निघाली की घरात कशी कुजबूज सुरू होते, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे मूर्तीची परडी, घेऊन फिरणाऱ्या जोगतिणीला दारात भाकरी देताना बायका तिच्याशी कशा बोलतात, साडी नेसलेल्या जोगत्याला पोरं मागून काय म्हणतात, हे पुस्तकातून शिकायची आपल्याला गरज पडली नाही. देवदासी सोडायला बंदी करणारा कर्नाटकाचा कायदा १९८२ चा, आणि चित्रपट त्यानंतर २७ वर्षांनी आला. तरी थिएटरात बसलेल्या आपल्या भागातल्या बायकांना ती गोष्ट जुनी वाटली नाही. सुलीच्या केसातली जट बघून शहरातला प्रेक्षक हळहळला असेल. आपल्याकडच्या बाईला शेजारच्या गल्लीतली एखादी मुलगी आठवली. हे कुणीतरी लिहायला हवं होतं. काय खरं उतरलं, काय सिनेमासाठी गोड केलं, नायक-नायिकेच्या प्रेमानं सुटका होते तशी खऱ्या जोगतिणीची होते का, हे सांगायला त्या डोंगराजवळ राहिलेलं माणूसच लागतं. तुमच्या वहीत 'जोगवा' नसेल तर पुन्हा बघून लिहा. मला वाचायचं आहे.

'सैराट'वर मात्र माझं तुमच्याशी जमणार नाही. पहिल्या अर्ध्यातली गाणी कापली तर शेवट उभाच राहत नाही. नागराज मंजुळेंनी आधी आपल्याला पुरतं भुलवलं. विहिरीतली उडी, उसाचा फड, बुलेटवर बसलेली आर्ची, ढोलाच्या तालावर नाचणारं सगळं गाव. आपणही थिएटरात पैसे उधळून नाचलो. आणि शेवटी आवाजच काढून घेतला. ते लहान लेकरू रक्तात पाय भरून दारातून बाहेर येतं तेव्हा संगीत नाही, रडणं नाही, काही नाही. आधी एवढा आवाज नसता तर त्या शांततेनं छातीवर धोंडा ठेवला नसता. तुम्हाला ती गाणी लांबलेली वाटली असतील, तर कुठलं गाणं आणि त्यानं कुठला प्रसंग अडवला ते सांगा, मी ऐकेन. पोरांशीही असंच भांडा. २०१७ मध्ये त्याचा कन्नड रिमेक आला, 'मनसु मल्लिगे', आणि त्यातही नायिका रिंकू राजगुरूच. तीच मुलगी, तीच गोष्ट, दुसरी भाषा, दुसरा दिग्दर्शक. दोन्ही बघून काय हललं आणि काय टिकलं ते शोधायला पोरांना लावा. गोष्ट चांगली असणं आणि ती चांगली सांगितलेली असणं यांतलं अंतर त्यांना त्या एका संध्याकाळी दिसेल.

राहिल्या आत्ती. इथं चूक तुमची.

मालिका आवडत नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ती बघणाऱ्याची अक्कल काढायचा नाही. भाकरीचं वाक्य लिहिणारी बाई ती हीच का, असं ते वाचून मला वाटलं. तिथं तुम्ही पडद्याबद्दल बोलला होता, इथं माणसाबद्दल बोललात. तेही घरातल्या मोठ्या माणसाबद्दल, तिच्या दिवसातल्या एकुलत्या एक मोकळ्या वेळेत.

रोजची मालिका तशी का असते तेही बघा. आठवड्याचे सहा दिवस, जाहिराती वगळून विसेक मिनिटांचा भाग, आणि दर आठवड्याला येणारा टीआरपी. आकडा चढला की लग्न पुढं ढकलतात, पडला की कुणाचा तरी अपघात होतो. लेखक मंडळी चित्रीकरणाच्या जेमतेम पुढं धावत असतात. 'चार दिवस सासूचे' २००१ मध्ये सुरू झाली ती २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांच्या वर भाग झाले. एवढ्या लांब गोष्टीला चित्रपटाचं माप लावून चालत नाही. त्यातली माणसं एकच गोष्ट तीनदा का बोलतात, दचकल्यावर ढण्ण करून संगीत का वाजतं? कारण मालिका अर्धी कानांनी बघायची असते. तव्यावर भाकरी असते, पाठ टीव्हीकडे असते, तरी कोण आलं आणि कोण रडलं हे कळलं पाहिजे. तुम्ही दिवसभर शाळेत पन्नास जणांशी बोलून येता, आत्तींच्या घरी संध्याकाळी बोलायला येणारी माणसं तीच आहेत. म्हणून सगळ्या मालिका चांगल्या असं मी म्हणणार नाही. सुनेनं सोसत राहायचं आणि तिसऱ्या महिन्यात तिला देवी ठरवायचं, हा प्रकार मला मनापासून अमान्य आहे. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आठवड्यातून एकदाच यायची, दिलीप प्रभावळकर आजोबा. त्या घरात मोठी भांडणं नव्हती, कटकारस्थानं नव्हती, आणि तरी माणसं वाट बघायची. तशी मालिका पुन्हा व्हावी असं वाटतं तर तेही लिहा.

पण आधी एक करा. आठवडाभर आत्तींच्या शेजारी बसा. मोबाईल आत ठेवा, हातात निवडायला मेथी घ्या. मध्ये बोलू नका. भाग संपला की विचारा, 'आत्ती, तुम्ही त्या सुनेच्या जागी असता तर काय केलं असतंत?' 'अग्गंबाई सासूबाई' लागायची तेव्हाचं विचारा हवं तर. सून पुढाकार घेऊन विधवा सासूचं दुसरं लग्न लावून देते, ही गोष्ट रोज रात्री घराघरात, सासऱ्यांसमोर, लेकांसमोर चालू होती. तीच पुढं २०२२ मध्ये 'श्रीरस्तु शुभमस्तु' होऊन कन्नडमध्ये गेली, म्हणजे भिंतीपलीकडच्या कन्नड घरातही तेच चाललेलं असणार. या विषयावर आपल्याकडच्या कितीशा बायका मोठ्यांदा बोलल्या असत्या? आत्तींना त्यात काय पटलं, काय नाही, ते ऐका. कदाचित म्हणतील, 'मी नुसता बघतो गं, मला काय कळतंय.' तुम्हीही मला पत्रात जवळजवळ तेच लिहिलं आहे. त्यांना जे उत्तर द्याल ते स्वतःलाही लागू करा. आणि माफी मागायचीच असेल तर जाहिरातीच्या वेळेत मागा, भाग चालू असताना नको.

ग्रुपचं थोडक्यात. तिथं मत टाकणं बंद करा असं मी म्हणत नाही, पण टाकायच्या आधी काही गोष्टी सांभाळा. चित्रपट बघून झाला की त्याच रात्री, दुसऱ्या कुणाचं काही वाचायच्या आधी, वहीत लिहा. एक तरी प्रसंग नावानिशी लिहा. आवडला नाही हे आणि वाईट आहे हे वेगळं ठेवा. मला भुताचे चित्रपट आवडत नाहीत, म्हणून चांगला भुताचा चित्रपट वाईट ठरत नाही. आपण अर्धवट बघितला असेल तर तेही लिहा. आणि ज्या दिवशी एखाद्या कन्नड चित्रपटाचं कौतुक कराल, त्याच आठवड्यात मराठीतलं आवडलेलंही काही लिहा. लोकांच्या भीतीनं नको, तुम्ही दोन्ही बघता म्हणून. १९३६ चा प्रभातचा 'संत तुकाराम' घ्या, पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला. सगळे तुकाराम झालेल्या पागनीसांच्या चेहऱ्याबद्दल बोलतात, तुम्ही जिजाईबद्दल लिहा. पोर आजारी पडल्यावर चप्पल उगारून देवळात विठोबाला जाब विचारायला जाणारी ती बाई. संताच्या घरात भाकरी कोण भाजतं हे त्या चित्रपटाला पक्कं ठाऊक होतं. भावजींना हे वाचायला आवडेल, आणि ऐतिहासिक चित्रपटाबद्दल तुम्ही काय मागत होता तेही त्यांना त्यातून उमगेल.

त्यांच्याशी ग्रुपवर वाद वाढवू नका, तोंडी बोला. रविवारी जेवायला बोलवा. कुठला प्रसंग त्यांना भिडला ते आधी विचारा आणि पूर्ण ऐकून घ्या. राज्याभिषेकाच्या प्रसंगाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असेल तर ते पाणी खरं आहे, त्यावर वाद घालायचा नाही. मग तुमचं सांगा. जेवणं झाली की 'तिथी' लावा, साधारण दोन तासांचा आहे. आधी कौतुक करू नका, पुरस्कारांचं तर मुळीच सांगू नका. उताऱ्याचा प्रसंग येईल तेव्हा भावजी काय म्हणतात ते ऐका, आणि संपल्यावर पहिलं त्यांनाच बोलू द्या.